भारतातील मानसशास्त्र पदव्या आणि व्यवसाय-नोंदणी

भारतात मानसशास्त्राची पदवी आणि रुग्णांवर मानसशास्त्रीय उपचार करण्याचा कायदेशीर अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी.ए. आणि एम.ए. या पदव्या विद्यापीठे देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी मात्र भारतीय पुनर्वसन परिषद ही केंद्र शासनाची वैधानिक संस्था करते, आणि त्यासाठी एम.ए. नंतर परिषदेने मान्य केलेले स्वतंत्र प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. मानसशास्त्र घेऊन पदवीधर होणाऱ्यांच्या तुलनेत या प्रशिक्षणाच्या जागा फारच थोड्या असल्याने बहुसंख्य विद्यार्थी नोंदणीपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्यापैकी काही अध्यापन, शालेय समुपदेशन, मनुष्यबळ व्यवस्थापन, संशोधन अशा क्षेत्रांत जातात, तर काहींना हा भेद पदव्युत्तर शिक्षण संपत आल्यावरच कळतो.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्यातही गल्लत होते. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून त्यास औषधे देण्याचा अधिकार असतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रीय चाचण्या, मुलाखत, निदानास साहाय्य आणि मानसोपचार ही कामे करतो. औषधे लिहून देणे त्याच्या कार्यकक्षेत येत नाही. मराठीत ‘मानसोपचारतज्ज्ञ’ हा शब्द दोघांसाठीही वापरला जात असल्यामुळे गोंधळात भर पडते.

पार्श्वभूमी

भारतातील पहिला स्वतंत्र मानसशास्त्र विभाग १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात सुरू झाला. पुणे विद्यापीठात १९५० मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचा, तर मुंबई विद्यापीठात १९५९ मध्ये उपयोजित मानसशास्त्राचा विभाग स्थापन झाला. या विभागांचा मूळ हेतू विषयाचे अध्यापन आणि संशोधन हा होता. स्मृती, अवधान, संवेदन, अध्ययन यांवरील प्रयोग, सांख्यिकी आणि चाचणीरचना ही त्यांची मुख्य अंगे होती. रुग्णालयात जाऊन रुग्णाशी बोलणे हा अभ्यासक्रमाचा गाभा नव्हता, आणि तसा तो असावा अशी अपेक्षाही नव्हती.

रुग्णसेवेचे प्रशिक्षण वेगळ्या ठिकाणी वाढले. बंगळूर येथे १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली; हीच संस्था पुढे निमहान्स या नावाने प्रसिद्ध झाली. तेथे १९५५ मध्ये वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू करण्यात आली. १९६२ मध्ये रांची येथील मनोरुग्णालयातही अशाच स्वरूपाची पदविका सुरू झाली. मानसशास्त्रात एम.ए. झालेल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षे रुग्णालयात ठेवून, ज्येष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण पाहावयास शिकविणे असे या पदविकांचे स्वरूप होते. कालांतराने त्यांना एम.फिल. ही संज्ञा मिळाली. १९६८ मध्ये चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संघटनाही स्थापन झाली.

या इतिहासामुळे भारतात एक विशेष रचना निर्माण झाली. अन्य विषयांत एम.फिल. ही पीएच.डी.च्या अलीकडची संशोधन-पदवी होती. चिकित्सालयीन मानसशास्त्रात मात्र ती व्यवसायाचे प्रवेशद्वार ठरली. नाव एकच असले तरी हेतू भिन्न होता. या भिन्नतेकडे धोरणकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही आणि पुढे त्यातूनच मोठा पेच उद्भवला.

कायदेशीर चौकट

भारतीय पुनर्वसन परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. संसदेने १९९२ मध्ये संमत केलेल्या कायद्यान्वये ती २२ जून १९९३ रोजी वैधानिक संस्था झाली. अपंगत्वाशी निगडित पुनर्वसन क्षेत्रात काम करणाऱ्या व्यावसायिकांचे प्रशिक्षण प्रमाणित करणे आणि त्यांची केंद्रीय पुनर्वसन नोंदवही ठेवणे ही तिची मुख्य कामे होत. श्रवणतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक यांच्याबरोबरच चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा वर्गही या नोंदवहीत येतो. विद्यार्थ्यांमध्ये ही परिषद ‘आरसीआय’ या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीविना असा व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दंडाची ही रक्कम आजच्या काळात नाममात्र वाटते. नोंदणी कायमची नसून तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात.

दुसरा महत्त्वाचा कायदा म्हणजे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. तो २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या स्पष्टपणे दिलेली आहे. पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील चिकित्सालयीन मानसशास्त्राची मान्यताप्राप्त अर्हता, अथवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर देखरेखीखालील रुग्णसेवा-प्रशिक्षणासह पूर्णवेळ दोन वर्षांचे एम.फिल., अशा दोन वाटा व्याख्येत नमूद आहेत. दुसऱ्या वाटेच्या अभ्यासक्रमासही परिषदेची मान्यता लागतेच. अशा व्यक्तींची राज्यातील मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंद करण्याचे काम या कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सोपविले आहे. परिणामी एकाच व्यक्तीस केंद्रातील परिषद आणि राज्यातील प्राधिकरण अशा दोन नोंदवह्यांशी संबंध ठेवावा लागतो.

या व्याख्येस प्रत्यक्ष वजन आहे. स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसलेल्या रुग्णास आधारासह दाखल करून घ्यावयाचे असल्यास दोन तज्ज्ञांनी त्याची स्वतंत्र तपासणी करणे कायद्याने आवश्यक केले आहे. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावा लागतो. दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा वैद्यकीय व्यवसायी असू शकतो. म्हणजे नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञाच्या अभिप्रायावर एखाद्या व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अवलंबून राहू शकतो. अशा ठिकाणी केवळ एम.ए. असलेल्या व्यक्तीचा अभिप्राय का पुरेसा मानला जात नाही, हे यावरून ध्यानात येते.

पदवी ते नोंदणी

बी.ए. किंवा बी.एस्सी. ही पहिली पायरी. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या कला शाखेत मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे. पदवीच्या वर्गात सामान्य, सामाजिक, विकासात्मक आणि अपसामान्य मानसशास्त्र असे विषय शिकविले जातात, आणि अंतिम वर्षी प्रात्यक्षिके असतात. त्यानंतर दोन वर्षांच्या एम.ए. मध्ये विद्यार्थी चिकित्सालयीन, समुपदेशन, औद्योगिक अथवा शैक्षणिक मानसशास्त्र अशी विशेष शाखा निवडतो. गुणपत्रिकेवर ‘चिकित्सालयीन मानसशास्त्र’ असे विशेष शाखेचे नाव आले, की आपण त्या व्यवसायास पात्र झालो असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात प्रचलित रचनेत अशी एम.ए. ही केवळ पुढील प्रवेशपरीक्षेस बसण्याची अर्हता राहिली आहे.

एम.फिल.च्या प्रवेशासाठी मानसशास्त्रातील एम.ए. अथवा एम.एस्सी. पदवीत किमान ५५ टक्के गुण आवश्यक असतात. राखीव प्रवर्गांसाठी ही अट ५० टक्के आहे. त्यापुढे लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. सर्व देशासाठी एकच प्रवेशपरीक्षा नसल्याने विद्यार्थ्यास बंगळूर, रांची, तेजपूर, दिल्ली, पुणे अशा ठिकठिकाणच्या संस्थांचे अर्ज स्वतंत्रपणे भरावे लागतात आणि प्रत्येक शुल्क, प्रवास व मुक्काम यांचा खर्च स्वतः सोसावा लागतो. शासकीय संस्थांत शुल्क कमी असते आणि काही ठिकाणी विद्यावेतनही मिळते. खाजगी विद्यापीठांतील शुल्क मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे शासकीय जागेसाठीची स्पर्धा अतिशय तीव्र असून दोन-तीन वर्षे सलग प्रयत्न करणारे विद्यार्थी अपवादात्मक नाहीत.

जागा थोड्या असण्याचे कारण केवळ अनास्था हे नव्हे. हे प्रशिक्षण वर्गात बसून घेता येत नाही. प्रशिक्षणार्थी बाह्यरुग्ण विभागात रुग्णाचा पूर्ववृत्तांत घेतो, त्याच्या मनोवस्थेची तपासणी करतो, बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व आणि मेंदूच्या कार्याशी संबंधित चाचण्या घेतो, अहवाल लिहितो आणि मानसोपचाराची सत्रे चालवितो. या प्रत्येक टप्प्यावर मान्यताप्राप्त अध्यापकाने त्याचे काम पाहून दुरुस्त करावयाचे असते. एका अध्यापकास किती विद्यार्थी नीट पाहता येतील यास मर्यादा आहे. पुन्हा अध्यापक होण्यासाठीही हीच अर्हता लागत असल्याने तज्ज्ञ कमी म्हणून जागा कमी, आणि जागा कमी म्हणून तज्ज्ञ कमी, असे हे चक्र दीर्घकाळ चालत आले आहे.

हे चक्र भेदण्याचा एक प्रयत्न राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाअंतर्गत अकराव्या पंचवार्षिक योजनेत झाला. देशातील ११ संस्थांना उत्कृष्टता केंद्रे म्हणून साहाय्य देण्याचे ठरले आणि त्यांमधून दरवर्षी ४४ मनोविकारतज्ज्ञ, १७६ चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, १७६ मनोविकार सामाजिक कार्यकर्ते आणि २२० मनोविकार परिचारिका तयार व्हाव्यात असे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पुण्यातील महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था ही त्या केंद्रांपैकी एक होय. १७६ हा आकडा साऱ्या देशासाठी वर्षाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे गरज आणि पुरवठा यांतील अंतर कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक आरोग्यविषयक संकलनानुसार भारतात दर लाख लोकसंख्येमागे ०.०४७ मानसशास्त्रज्ञ मानसिक आरोग्यसेवेत होते, म्हणजे साधारणपणे २१ लाख लोकांमागे एक. निमहान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १८ वर्षांवरील १०.६ टक्के व्यक्तींना त्या काळात मानसिक विकार असल्याचे आढळले. विविध विकारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. महाराष्ट्राचा त्या १२ राज्यांत समावेश नव्हता.

तज्ज्ञांच्या या तुटवड्याची दखल शासकीय नियमांनाही घ्यावी लागली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ अथवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ’ असे पद ठेवण्यात आले. एम.ए. झालेल्या अनेकांना या ‘अथवा’मुळे काम मिळाले. परंतु तेच काम करूनही त्यांचा दर्जा आणि नोंदणीचा प्रश्न अनिर्णित राहिला.

एम.फिल. बंद होण्याचा पेच

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये एम.फिल. पदवी बंद करण्याचे जाहीर झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी अधिसूचित केलेल्या पीएच.डी.विषयक विनियमांत उच्च शिक्षण संस्थांनी एम.फिल. अभ्यासक्रम चालवू नयेत अशी तरतूद केली. धोरणकर्त्यांसमोर इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य अशा विषयांतील संशोधन-पदवी होती, आणि त्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. चिकित्सालयीन मानसशास्त्रात मात्र त्या एका वाक्याने नोंदणीची रुळलेली वाट बंद होत होती. २०१७ च्या कायद्यातील व्याख्येतच एम.फिल.चा उल्लेख असल्याने कायदा एक अर्हता मागतो आणि विनियम तीच नाकारतो, असा विरोधाभास निर्माण झाला.

यानंतर २०२४ च्या प्रारंभी विद्यापीठ अनुदान आयोगाने चिकित्सालयीन मानसशास्त्र आणि मनोविकार सामाजिक कार्य या दोन विषयांपुरती सवलत देऊन २०२५-२६ पर्यंतचे एम.फिल. प्रवेश वैध धरण्याचे जाहीर केले. पुनर्वसन परिषदेने पर्यायी व्यवस्था म्हणून चिकित्सालयीन मानसशास्त्रातील पदवी, पदव्युत्तर पदवी आणि सायडी या व्यावसायिक डॉक्टरेटचे अभ्यासक्रम आखले आहेत. नव्या रचनेत रुग्णसेवेचे प्रशिक्षण पदव्युत्तर अभ्यासक्रमातच अंतर्भूत करण्याचा विचार आहे. तेव्हा परिषदेने मान्य केलेली चिकित्सालयीन मानसशास्त्रातील एम.ए. आणि विद्यापीठाची सर्वसाधारण एम.ए. यांच्या नावांत फारसा फरक दिसत नसला, तरी त्यांच्या फलितांत मोठा फरक आहे. प्रवेशापूर्वी त्या विशिष्ट संस्थेतील त्या विशिष्ट अभ्यासक्रमास, आणि त्याच शैक्षणिक वर्षासाठी, परिषदेची मान्यता आहे किंवा नाही हे परिषदेच्या यादीत पडताळून पाहणे विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक ठरते. मान्यता विद्यापीठास सरसकट मिळत नाही; ती अभ्यासक्रमास आणि ठरावीक मुदतीसाठी मिळते.

चिकित्सालयीन शाखेबाहेरील मानसशास्त्रज्ञ

समुपदेशक, शालेय मानसशास्त्रज्ञ, आरोग्य मानसशास्त्रज्ञ यांच्यासाठी दीर्घकाळ कोणतीही वैधानिक नोंदवही नव्हती. ‘मानसशास्त्रज्ञ’ वा ‘समुपदेशक’ ही उपाधी कायद्याने राखीव नसल्याने अल्पकालीन प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती आणि पाच वर्षे विद्यापीठात शिकलेली व्यक्ती एकाच नावाने फलक लावू शकत होत्या. याचा तोटा रुग्णास होतोच; कष्टाने शिकलेल्या पदवीधरासही होतो.

राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ याने ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. या कायद्याच्या अनुसूचीत वर्तनात्मक आरोग्यविज्ञान व्यावसायिकांच्या गटात मानसशास्त्रज्ञांचा समावेश आहे. अपंगत्वक्षेत्रासाठी पुनर्वसन परिषदेच्या कक्षेत येणारे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मात्र त्यातून वगळले आहेत. म्हणजे एकाच विद्याशाखेच्या पदवीधरांवर दोन नियामक संस्थांचे अधिकार आले, आणि त्या दोन संस्था दोन वेगळ्या मंत्रालयांच्या अखत्यारीत आहेत: परिषद सामाजिक न्याय मंत्रालयाच्या, तर आयोग आरोग्य मंत्रालयाच्या. कायद्याची अंमलबजावणी रेंगाळल्याने सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र व राज्य शासनांना ती त्वरेने करण्याचे निर्देश दिले. २०२५ मध्ये उपयोजित मानसशास्त्र आणि वर्तनात्मक आरोग्य या विषयासाठी अभ्यासक्रमाचा आराखडाही प्रसिद्ध झाला.

या कायद्याचा तातडीचा परिणाम दूरशिक्षणावर झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याच्या कक्षेतील आरोग्यविषयक विषयांचे, आणि त्यांत मानसशास्त्राचेही, मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीचे नवे प्रवेश थांबविण्याचा निर्णय घेतला. रुग्णसेवेचे कौशल्य टपालाने आलेल्या पुस्तकांतून येत नाही हा त्यामागील युक्तिवाद ग्राह्य आहे. तथापि नोकरी सांभाळून शिकणारे, संसारातून वेळ काढून पुन्हा शिक्षणाकडे वळलेल्या स्त्रिया आणि जवळपास मानसशास्त्राचे पदव्युत्तर केंद्र नसलेल्या तालुक्यांतील विद्यार्थी यांना मुक्त विद्यापीठांचा मोठा आधार होता. त्यांच्यापैकी सर्वांनाच रुग्णसेवा करावयाची नव्हती.

निष्पत्तीचे मोजमाप

एखाद्या अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेल्या शंभरांपैकी किती जणांनी तो पूर्ण केला, किती वर्षांत केला, आणि किती जणांना व्यवसायाचा परवाना मिळाला, हे सांगणाऱ्या माहितीस त्या अभ्यासक्रमाची निष्पत्ती म्हणता येईल. या बाबतीत अमेरिकेतील संयुक्त संस्थानांची व्यवस्था तपशिलाने पाहण्यासारखी आहे, कारण तेथे ही माहिती जाहीर करणे बंधनकारक आहे.

अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांसाठीचा पहिला परवाना कायदा १९४५ मध्ये कनेक्टिकट राज्याने केला, आणि १९७७ पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले. स्वतंत्र व्यवसायासाठी तेथे सामान्यतः डॉक्टरेट, देखरेखीखालील अनुभव आणि ईपीपीपी या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी परीक्षा आवश्यक असते. ही परीक्षा १९६० च्या दशकाच्या मध्यापासून घेतली जाते. तिच्यात २२५ बहुपर्यायी प्रश्न असून त्यांतील १७५ प्रश्नांचे गुण धरले जातात. उरलेले ५० प्रश्न पुढील परीक्षांसाठी पडताळून पाहण्याकरिता असतात. वेळ सव्वाचार तासांचा असतो. गुण २०० ते ८०० या मापनश्रेणीत दिले जातात आणि स्वतंत्र व्यवसायासाठी ५०० ही शिफारस केलेली उत्तीर्णमर्यादा आहे. प्रश्न आठ क्षेत्रांतून येतात. मूल्यमापन व निदान आणि नीती व कायदा या दोन क्षेत्रांस प्रत्येकी १६ टक्के, तर संशोधनपद्धती व सांख्यिकीस ७ टक्के भार आहे.

अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या अधिस्वीकृती आयोगाने मान्य केलेल्या प्रत्येक डॉक्टरेट कार्यक्रमास आपल्या संकेतस्थळावर काही तक्ते दरवर्षी प्रसिद्ध करावे लागतात. त्यांत पदवी पूर्ण होण्यास लागलेली वर्षे, एकूण खर्च, आंतरवासितेची जागा मिळालेल्यांचे प्रमाण, मध्येच सोडून गेलेल्यांची संख्या आणि परवाना मिळालेल्यांची टक्केवारी यांचा समावेश असतो. परवान्याची टक्केवारी काढताना दोन ते दहा वर्षांपूर्वी पदवी घेतलेले विद्यार्थी धरले जातात, कारण पदवीनंतरचा देखरेखीचा काळ आणि परीक्षा यांस अवधी लागतो.

या आकड्यांकडे सावधपणे पाहावे लागते. ज्या विद्यापीठात बहुतेक विद्यार्थी संशोधनाकडे वळतात, तेथील परवान्याची टक्केवारी कमी असू शकते. ते शिक्षणाच्या कमी दर्जाचे लक्षण नव्हे. याउलट उच्च टक्केवारी दाखविणाऱ्या एखाद्या महाविद्यालयात खर्च प्रचंड आणि मधूनच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय असू शकते. परवान्याची टक्केवारी पदवी घेतलेल्यांचीच काढली जात असल्याने गळालेले विद्यार्थी तिच्यात दिसतच नाहीत. म्हणून एकाच तक्त्यावर निष्कर्ष न काढता सर्व तक्ते एकत्र वाचावे लागतात. आंतरवासितेच्या जागांचा तुटवडा हाही तेथे एके काळी गंभीर प्रश्न होता. २०१२ च्या सुमारास अनेक विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर जागाच मिळत नव्हती आणि त्यांची पदवी अडून राहात होती. पुढे जागा वाढविल्याने परिस्थिती सुधारली. आकडे दरवर्षी उघड होत असल्यानेच हा तुटवडा दडून राहिला नाही.

माहिती उघड असली तरी सर्व संकटे टळतात असे नाही. आर्गोसी विद्यापीठाच्या मानसशास्त्रातील व्यावसायिक डॉक्टरेटच्या अनेक शाखा होत्या. केंद्रीय शिक्षण विभागाने विद्यार्थ्यांना मिळणारे अर्थसाहाय्य थांबविल्यानंतर मार्च २०१९ मध्ये हे विद्यापीठ अचानक बंद झाले आणि कर्ज काढून शिकणारे विद्यार्थी मधल्या मध्ये अडकले. ईपीपीपी परीक्षेवरही टीका होते. वंशगटांनुसार उत्तीर्णतेच्या प्रमाणात मोठी तफावत संशोधकांना आढळली आहे, आणि बहुपर्यायी परीक्षेतील गुण रुग्णसेवेतील कौशल्य कितपत दर्शवितात यावर वाद आहे. कौशल्ये तपासणारा दुसरा भाग २०२० पासून काही राज्यांत सुरू झाला. तो सर्वत्र सक्तीचा करण्याची योजना मात्र विरोधामुळे २०२४ मध्ये स्थगित झाली.

भारतात एम.फिल.नंतर वेगळी राष्ट्रीय परवानापरीक्षा नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची विद्यापीठीय परीक्षा उत्तीर्ण होणे हीच नोंदणीची अर्हता असते. त्यामुळे प्रवेश हाच सर्वांत अवघड टप्पा ठरतो आणि दर्जाची हमी बव्हंशी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर अवलंबून राहते. अमेरिकेसारखे निष्पत्तीचे तक्ते विषयनिहाय प्रसिद्ध करण्याची सक्तीही येथे नाही. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद आपल्या निकषांत विद्यार्थ्यांच्या प्रगतीची नोंद घेते, आणि २०१६ पासून जाहीर होणाऱ्या राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत पदवी-निष्पत्ती हा एक निकष आहे. परंतु ही मोजणी संपूर्ण संस्थेची असते. एखाद्या महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेतील नोकऱ्यांचे आकडे त्याच महाविद्यालयातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यास काहीच सांगत नाहीत. पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीतून एखादी व्यक्ती व्यवसायास अधिकृत आहे की नाही हे समजते. तेथवर न पोहोचलेल्यांचे काय झाले हे नोंदवही सांगू शकत नाही. ही माहिती बारावीनंतर विषय निवडतानाच हाती असणे सर्वांत उपयोगाचे ठरले असते.

भाषेचा प्रश्न

महाराष्ट्रात मानसशास्त्राची पदवी मराठी माध्यमातून घेता येते, आणि अनेक ग्रामीण महाविद्यालयांतील विद्यार्थी ती तशी घेतात. एम.फिल.च्या प्रवेशपरीक्षा, अभ्यासक्रम आणि अहवाललेखन मात्र इंग्रजीत चालते. त्यामुळे मराठीतून शिकलेला विद्यार्थी विषयात कच्चा नसतानाही स्पर्धेत मागे पडतो. दुसरीकडे पुणे, ठाणे, नागपूर वा रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात येणारा रुग्ण आपली व्यथा मराठीत, किंबहुना आपल्या बोलीत सांगतो. ‘जीव घाबरतो’, ‘डोकं जड होतं’, ‘मन उडालंय’, ‘अंगात येतं’ अशा शब्दप्रयोगांतून नेमके कोणते लक्षण सूचित होते, हे ती भाषा जाणणाऱ्यासच बारकाईने कळते. रुग्णास सर्वांत उपयोगी पडू शकणारा विद्यार्थी प्रवेशाच्या चाळणीतच गळतो, ही या व्यवस्थेतील एक मोठी विसंगती आहे.

चाचण्यांच्या बाबतीतही भाषेचा मुद्दा येतो. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर केले. बिने-कामत या नावाने ती चाचणी पुढे दीर्घकाळ प्रचारात राहिली. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र देताना, तसेच अध्ययन अक्षमता असलेल्या मुलास दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलत मिळण्यासाठी, अशा मानसशास्त्रीय चाचण्यांचा अहवाल लागतो आणि तो अधिकृत व्यक्तीकडूनच यावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणी असा तज्ज्ञ नसेल तर पालकांना मुलास घेऊन पुण्या-मुंबईस खेपा घालाव्या लागतात, आणि परीक्षेचे अर्ज भरण्याची मुदत त्यांच्यासाठी थांबत नाही.